ट्रक सुटला म्हणजे एसी विकला गेला असं नसतं

पेपरात अधूनमधून येतं ना, एसीची विक्री इतकी वाढली, तितकी घटली, त्यातले बरेचसे आकडे हे कंपनीच्या गेटमधून माल बाहेर पडला त्याचे असतात. धंद्यात त्याला प्रायमरी म्हणतात. मग डिस्ट्रिब्युटरकडून आमच्यासारख्या दुकानात माल येतो ती सेकंडरी, आणि गिऱ्हाइकाच्या भिंतीवर इनडोअर लागतो ती शेवटची, खरी विक्री. मी गोव्यात फोंड्याला आमच्या घरच्या दुकानात बिलिंग आणि ऑर्डर बघते, त्यामुळे या तिन्हींत किती अंतर पडू शकतं ते रोज डोळ्यासमोर असतं, आणि बातमी वाचून लोक लगेच "बघ गे, गरमी किती वाढली" असं सुरू करतात तेव्हा मला हसू येतं.

२०२५ चंच घ्या. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात एसी मिळेनासे झाले होते, देशभर. ते सगळ्यांच्या लक्षात, त्यामुळे २०२५ साठी कंपन्यांनीही भरपूर बनवले आणि डीलरांनीही भीतीपोटी उचलले. फेब्रुवारीच्या शेवटीच हवामान खात्याने कोकण-गोव्याला उष्णतेचा इशारा दिला, झालं, सगळ्यांना वाटलं यंदा तर काय बघायलाच नको. आणि मग पाऊस. मान्सून २४ मेलाच केरळात, मागोमाग आपल्याकडे, एरवी आपण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याची वाट बघतो. मे महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे आमचा एसीचा मोठा सीझन, तो अख्खा वाहून गेला. एप्रिल-जूनच्या निकालात व्होल्टास, ब्लू स्टार सगळ्यांचा रूम एसीचा धंदा खाली आलेला दिसला. पण गंमत अशी की सीझनच्या आधी जो माल गेटबाहेर पडला होता तो आधीच "विक्री" म्हणून मोजून झालेला, आणि प्रत्यक्षात तो गोडाऊनमध्ये खोक्यात बसलेला.

त्यात १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार अशी घोषणा. एसीवर २८ टक्के होता. ३ सप्टेंबरला ठरलं की १८ होणार, लागू २२ सप्टेंबरपासून. आणि आमची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी कधी, तर २७ ऑगस्टला! म्हणजे गोव्यात ज्या दिवसांत लोक घर रंगवून, नवीन काहीतरी घेऊन तयार होतात नेमके त्याच दिवसांत प्रत्येक जण दुकानात येऊन पंखा लावून बसायचा, सगळी मॉडेलं बघायचा आणि म्हणायचा, बाय, आता नको, जीएसटी उतरला की येतो. बरोबरच आहे त्यांचं, मी असते तर मीही थांबले असते. गिझर मात्र जात होते, कारण त्यावर आधीपासूनच १८ टक्के, थांबून फायदा काय? २२ नंतर अर्थात गर्दी उसळली. आता कोणी फक्त ऑगस्टचा आकडा बघून म्हटलं की मागणी मेली आणि ऑक्टोबरचा बघून म्हटलं की मागणी फुटली तर दोन्ही चूक, तीच माणसं होती, फक्त महिना बदलला.

वर्ष संपताना परत तेच. १ जानेवारी २०२६ पासून एसीवरच्या वीजबचतीच्या स्टारचे नियम कडक झाले, जुना ५ स्टार नवीन हिशेबात ४ वर येतो, नवीन ५ स्टार महाग पडणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून डिसेंबरात जुन्या लेबलचा माल उचला म्हणून कंपन्यांचं आमच्या मागे लागणं आलं. डिसेंबरात एसी कोणाला लागतो हो?

हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत एएचआरआय म्हणून उत्पादकांची संस्था आहे, ती दर महिन्याला शिपमेंटचे आकडे काढते, फर्नेस (घर गरम करायची भट्टी), हीट पंप, एसी, वॉटर हीटर सगळं वेगवेगळं. २०२५ च्या सुरुवातीपासून तिथे आर-४१०ए या थंडावा देणाऱ्या जुन्या गॅसवर चालणारी नवीन घरगुती यंत्रं बनवायला बंदी आली, तर २०२४ च्या शेवटी लोकांनी जुन्या गॅसच्या मशीन साठवून ठेवल्या, शिपमेंट फुगली, आणि पुढे ती फुगी उतरली. तिथलाच दुसरा गाजलेला आकडा २०२२ चा, हीट पंप ४३ लाखांच्या आसपास आणि गॅस फर्नेस ३९ लाखांच्या, म्हणजे हीट पंप पुढे गेले. हीट पंप म्हणजे उलटा चालू शकणारा एसी, थंडीत बाहेरची उष्णता आत ओढतो. हा कल मला खरा वाटतो, कारण पुढच्या वर्षी दोन्हींचे आकडे पडले तरी हीट पंप पुढेच राहिला. एका महिन्याच्या उडीपेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं.

गोव्याचं गणित तर अजून वेगळं. इथे एसी फक्त उन्हासाठी लागत नाही, दमटपणासाठी लागतो, आणि कळंगुट-कोलवाकडे खाऱ्या हवेने आउटडोअरची कॉइल अशी खाल्ली जाते की हॉटेलवाल्यांना ती लवकर बदलावीच लागते. ते घेतात पाऊस सरताना, टुरिस्ट सीझनच्या आधी. त्यामुळे आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरलाही एक चढ असतो, ज्याचा उन्हाळ्याशी काही संबंध नाही.

मी स्वतः काय बघते, तर इन्स्टॉलेशनवाल्या पोराला फोन करते. बाबा, पुढची तारीख कधीची देतोस? "उद्याच येतो" म्हणाला तर त्याच्याकडे कामं नाहीत, म्हणजे एसी भिंतीवर लागत नाहीत, मग नवीन ऑर्डर टाकत नाही, कंपनीची स्कीम कितीही गोड असो.

आणि सध्या घ्यायला निघाला असाल तर दुकानात जुन्या लेबलचा माल अजून दिसेल, तो वाईट नाही, स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या, फक्त लेबलवर कालावधी छापलेला असतो तो वाचा आणि जुन्या ५ स्टारला नवीन ५ स्टारचे पैसे देऊ नका.