डाव्या अंगाची शिट्टी

फायलीवर लिहिलेलं होतं ‘दमा’. मी केलेल्या स्पायरोमेट्रीतून, म्हणजे फुंकून हवा मोजायच्या चाचणीतून, निघत होतं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचं दुखणं. आणि तपासणीला आलेल्या त्या मावशींना या दोन्हींतलं काहीच झालेलं नव्हतं. याला बरेच महिने झाले, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

मी बेळगावात फुप्फुसांच्या चाचण्या करणारी टेक्निशियन. आमची खोली म्हणजे लोकांच्या तोंडी ‘फुंकायची खोली’. दिवसभर माझा एकच घोषा, “जोरात सोडा, सोडा, सोडा, अजून!” हुक्केरीकडचं कन्नड माणूस असलं तर “ऊद्री, ऊद्री!” चाचणी धरायची तर निदान तीन फुंका नीट व्हाव्या लागतात, आणि त्यांतल्या चांगल्या दोन फुंकांत पहिल्या सेकंदाला बाहेर पडलेली हवा 150 मिलीलिटरच्या आत जुळावी लागते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात चुलीपुढं जन्म काढलेल्या आजीकडून हे करून घेताना आम्हालाच धाप लागते. रिपोर्टचा शेवटचा आकडा तेवढा बघणाऱ्यांना त्यामागची ही झटापट ठाऊक नसते.

त्या सुमाराला एका पीजी करणाऱ्या डॉक्टर मुलीच्या प्रबंधासाठी फुप्फुसांच्या आवाजाचं चित्र काढणारं यंत्र आमच्याकडं आलं होतं. पाठीवर मणक्याच्या दोन्ही अंगांना सेन्सरच्या पट्ट्या बसवायच्या, हलक्या व्हॅक्यूमनं त्या धरून राहतात. माणसानं तोंडानं नुसता श्वास घ्यायचा आणि सोडायचा, 12 सेकंद. फुंकणं नाही, ओरडणं नाही. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची कुरकुर वगळायला साधारण 150 ते 250 हर्ट्‌झमधलाच आवाज घेतात. आवाज जिथं जास्त तिथं चित्र काळं, कमी तिथं फिकट. धडधाकट माणसाची दोन्ही फुप्फुसं एकदमच काळी होतात आणि एकदमच विरतात. श्वासनलिका आवळलेल्या असल्या की हा मेळ बिघडतो. पंप ओढल्यावर दम्यात तो कितपत जुळतो आणि सीओपीडीत कितपत तसाच राहतो, हे प्रबंधात बघायचं होतं.

मावशी निपाणीच्या बाजूच्या. अर्धं आयुष्य तंबाखूच्या वखारीत चाळणीपुढं गेलेलं. विडी कधी ओढली नाही, पण खकाणा रोज नाकातोंडात. अनेक वर्षं दम्याच्या गोळ्या, अधूनमधून इंजेक्शनं. पंप दिलेला होता, पण शेजारीण म्हणाली की सवय लागते, म्हणून तो कपाटात. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता संतापही येत नाही. दम्यात पंपाचं औषध थेट जिथं हवं तिथं आणि थोडक्या मात्रेत पोचतं. तो लपवून वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्यानं हाडं पोकळ होतात, हे शेजारणीला कोण सांगणार?

स्पायरोमेट्रीत अडथळा स्पष्ट दिसला. नळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल 400 मायक्रोग्रॅम दिलं, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा फुंकून घेतलं. फरक जवळजवळ शून्य. 12 टक्के आणि 200 मिलीलिटर वाढ झाली तर औषधानं नळ्या मोकळ्या झाल्या असं आम्ही धरतो. इथं तसलं काही नाही, आणि औषधानंतरही पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचं गुणोत्तर 0.70च्या खाली. शिवाय वखारीचा धुरळा आणि घरातली चूल. सीओपीडी लिहून कुणीही मोकळं झालं असतं. आलेखाची शेपटी मात्र मला खटकत होती. सुरुवातीला हवा बऱ्यापैकी सुटायची आणि मग बराच वेळ रेंगाळत बाहेर यायची, जशी दोन वेगळी फुप्फुसं आपापल्या चालीनं रिकामी होताहेत.

मग चित्र काढलं. उजवं फुप्फुस श्वासाबरोबर भरलं आणि विरलं. डावं उशिरा सुरू झालं, फिकटच राहिलं, आणि उजवं पुसून गेल्यावरही तिथं काळा डाग रेंगाळत होता. पट्टी नीट धरली नसेल म्हणून ती काढून पुन्हा लावली. सेन्सर बिघडला असेल म्हणून डावी-उजवी पट्टी अदलाबदल केली. डाग डावीकडंच. जोरानं श्वास घेतला की आवाज वाढतो, म्हणून या चित्रांवर फार विसंबू नये असं म्हणतात, आणि ते खरं आहे. पण श्वास एकच, तो दोन्ही फुप्फुसांत एकाच वेळी जातो. दोन बाजूंमधला एवढा फरक जोरावर ढकलता येत नाही. औषधानंतरचं चित्रही तसंच.

दमा आणि सीओपीडी ही पसरलेली दुखणी. दोन्ही बाजूंना कमीजास्त होईल, पण एकच बाजू कायम मागं राहत असेल तर त्या बाजूला काय आहे ते शोधायला हवं.

मी विचारलं, “मावशी, श्वासाची शिट्टी कुठल्या अंगाला वाजते?”

“डाव्या. रातच्याला मलाच ऐकू येतंय की! समद्या डाक्टरास्नी सांगितलंय मी.”

फायलीत याचा उल्लेख नव्हता. आणखी विचारल्यावर, खोलीत आम्ही दोघीच होतो म्हणून असेल, त्या हळूच म्हणाल्या की लग्नानंतर टीबी झाला होता. माहेरी राहून सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला. सासरी कळायला नको म्हणून कार्ड चुलीत घातलं.

आमच्या डॉक्टर सरांना बोलावलं. त्यांनी डाव्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. एकाच सुराची लांब शिट्टी. पुढं सीटी, मग ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून बघणं. डाव्या फुप्फुसाची मुख्य नळी टीबीच्या जुन्या व्रणानं आकसली होती. नमुन्यांत जिवंत टीबी सापडला नाही. मोठ्या केंद्रात फुग्यानं नळी रुंदावून घेतली. आता चढ चढताना त्या थांबत नाहीत, पण अशी नळी पुन्हा आकसू शकते, त्यामुळं तपासण्या चालू आहेत.

सर म्हणाले, “यंत्र कशाला हवं होतं? कान पुरे होता.” बरोबरच आहे. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांना तरुण बाईच्या छातीला कान लावणं संकोचाचं वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली. त्यातून स्टेथोस्कोप निघाला. तो संकोच आपल्याकडं अजून जागचा हललेला नाही. गर्दीच्या ओपीडीत पदरावरून, एकाच जागी, दोन सेकंद स्टेथोस्कोप टेकवतात आणि ‘दमा’ लिहितात. मावशींची उघडी पाठ कुणी दोन्ही बाजूंनी ऐकलीच नव्हती. पट्ट्या लावायच्या म्हणून पडदा ओढला, ब्लाउज काढायला लावला, माझ्यासारखी बाई समोर होती, म्हणून ते झालं. यंत्राचं श्रेय मला तेवढंच दिसतं, आणि ते थोडं नाही.

प्रबंध संपला, यंत्र परत गेलं. आता फुंकून घेण्याआधी मी प्रत्येकाला शिट्टी कुठल्या अंगाला वाजते ते विचारते, आणि टीबीचं सोबतच्या माणसांना बाहेर बसवून विचारते. जे कळेल ते रिपोर्टच्या खाली लिहिते. एका निवासी डॉक्टरनं, हे टेक्निशियनचं काम नाही, असं सुनावलं. मी लिहिणं सोडलेलं नाही. जुन्या फायलींत ‘दमा’ आणि ‘औषधाला प्रतिसाद नाही’ असं दोन्ही लिहिलेल्या बायका किती असतील, ते बघायला परवानगी मागितली आहे. अजून मिळालेली नाही.