कॉलरमागची पट्टी

माझ्याकडे एका मोटरसायकल कंपनीच्या नावाचा टी-शर्ट आहे. छातीवर वीतभर बोधचिन्ह, पाठीवर मोटरसायकलीचे चित्र, आणि मानेच्या मागे, जिथे आपली नजर कधीच पोचत नाही अशा जागी, बोटाच्या पेराएवढी पट्टी. कापड कोणते, धुवावे कसे आणि शिवले कोणत्या देशात, हे तिच्यावर मुंगीच्या अक्षरांत छापलेले. मोटरसायकल एका देशाची, टी-शर्ट भलत्याच देशाचा. ती पट्टी टोचू लागली म्हणून मी कातरून टाकली; तेव्हापासून टी-शर्ट कुठलाच राहिलेला नाही.

परदेशातल्या शिलाईत मला काही गैर वाटत नाही. इंजिने घडवणाऱ्यांनी शिवणयंत्रे कशाला मांडावीत? पुष्कळदा कंपनी कापडाला हातही लावत नाही. ती नाव वापरण्याचा परवाना देते, दुसरा कोणी कपडे शिवून घेतो, विक्रीमागे ठरलेले स्वामित्वधन भरतो, आणि मग वितरक व शोरूम आपापला नफा चढवतात. शिवणाऱ्या हातांना मिळतो तो त्या किमतीचा अगदी लहान तुकडा. स्वस्त मजुरीने खर्च उतरतो, पण किंमत उतरत नाही, कारण मुळात ती कापडावर ठरलेलीच नसते. चिन्ह पाहून गिऱ्हाईक किती मोजील, यावर ती ठरते.

सुरुवात अशी नव्हती. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ साली मोटरसायकलस्वारांसाठी चेन लावलेले चामडी जॅकेट केले, त्याला आपल्या आवडत्या सिगारवरून ‘परफेक्टो’ हे नाव दिले, आणि लाँग आयलंडवरच्या हार्ले-डेव्हिडसन विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला विकले जाई. ते पैसे वारा अडवण्याचे आणि पडल्यावर कातडी वाचवण्याचे होते. (सिगारच्या नावाचे पैसे वेगळे लावले नसावेत.) आजही चांगले जॅकेट महाग असले तर मी फारशी कुरकुर करत नाही, युरोपात त्याची घर्षणाची चाचणी होते, ए, एए, एएए अशी श्रेणी ठरते, आणि किमतीला निदान काही उत्तर असते. टी-शर्टाला कोणती चाचणी लावणार? तो डांबरावर किती टिकेल, हे न पाहिलेलेच बरे.

याच अमेरिकेने १९८३ साली, हार्लेच्याच मागणीवरून, ७०० सीसीहून मोठ्या परदेशी मोटरसायकलींवर जबर जकात बसवली होती. यंत्राचे देशीपण जपायला सरकार धावले. टी-शर्टाच्या देशीपणाची चौकशी मात्र गिऱ्हाईकही करत नाही.

मीही केली नव्हती. परवा तो टी-शर्ट घालून रस्ता ओलांडत असताना सिग्नलला थांबलेल्या एका अनोळखी स्वाराने माझ्या छातीकडे पाहून हात उंचावला. मीही तितक्याच ऐटीत हात वर केला आणि बसथांब्याकडे चालू लागलो.