होते, आहेत, होते

वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत एक फोल्डर असतो, त्याबद्दल बाहेर कुणी फारसं बोलत नाही. हयात माणसांचे मृत्युलेख. आमच्याकडे त्याला 'राखीव' म्हणतात. कुणी मोठा माणूस आजारी असल्याची कुणकुण लागली की तिथला मजकूर काढायचा आणि अद्ययावत करून ठेवायचा. लोकांना हे निर्दय वाटतं. पण साडेबाराला बातमी आली आणि दीडला पान छपाईला सोडायचं असलं की दुसरा इलाज नसतो.

विक्रम गोखल्यांचा लेख मीच लिहिलेला, आणि जमलेला. सगळे 'हम दिल दे चुके सनम'पासून सुरुवात करतात. मी त्यांच्या पणजीपासून केली होती. १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक मोहिनी. ती लेक म्हणजे कमलाबाई गोखले, विक्रमरावांची आजी. पुरुषच लुगडं नेसून उभे राहत त्या काळात या घरातल्या मायलेकी पडद्यावर आल्या! मग वडील चंद्रकांत गोखले, 'बॅरिस्टर', 'अनुमती'साठी इरफान खानबरोबर विभागून मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार, घशाच्या दुखण्यापायी २०१६ मध्ये सोडावी लागलेली रंगभूमी.

२३ नोव्हेंबर २०२२, बुधवार. रात्री उशिरा श्रद्धांजलीची ट्वीट धडाधड पडू लागली. पुण्याच्या वार्ताहराला फोन लावला. "सर, अजून दुजोरा नाही. थांबा."

वरिष्ठ म्हणाले, "एवढे मोठे नट उगाच लिहितील का? सोड पान."

नटाला नट गेल्याचं कळतं तेही आपल्यासारखंच, मोबाइलवरून. हे मला माहीत होतं. तरी सोडलं. हट्ट धरला असता तर दहा मिनिटं मिळालीही असती. पण खरं सांगायचं तर लेख छापून येणार याचं आतून बरं वाटत होतं.

सकाळी त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, ते हयात आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत.

आमची दिलगिरी आतल्या पानावर तळाला, चार ओळींत. वेबसाइटवर मथळा बदलून 'प्रकृती चिंताजनक' केला आणि खालचा मजकूर मला नीट करायला दिला. एकेक 'होते' पुसून 'आहेत' करत गेलो. 'त्यांच्या पश्चात' ही ओळ मात्र बदलून भागेना, अख्खी उडवावी लागली. दुपारी एका वाचकाचा फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "चुकलात, पण लेख छान होता हो." शिव्या परवडल्या असत्या.

शनिवारी, २६ तारखेला, ते खरंच गेले. मी पणजीचा परिच्छेद वर घेतला. वरिष्ठ म्हणाले, "ते छापून झालंय ना परवा? नवीन काहीतरी दे."

रविवारच्या अंकातला लेख 'हम दिल दे चुके सनम'पासून सुरू झाला. 'त्यांच्या पश्चात' पुन्हा टाइप केलं. त्याआधी वार्ताहराला दोनदा फोन केला होता.