कोंबड्या बाथरूममध्ये का, तर तुम्ही विचारलंत म्हणून

वादळाचा नुसता मेसेज फिरला तरी ही बाई कोंबड्या उचलून बाथरूममध्ये का नेते, हे मला आता इतक्या जणांनी विचारून झालंय की मी "असंच, हौस" म्हणून सोडून देते. समोरच्या टॉवरमधल्या बायका हसत विचारतात, नणंद पुण्याहून फोनवर विचारते, दूधवाल्याने पण विचारलं. आमच्या नवी मुंबईतल्या करावे गावात ज्यांच्याकडे स्वतःच्या कोंबड्या आहेत ते तर विचारत पण नाहीत, डायरेक्ट सांगतात, अगं वेडी का तू, पिढ्यान् पिढ्या कोंबड्या खुराड्यातच पावसाळे काढतात. तर एकदाच लिहून टाकते, परत विचारू नका.

वादळाची भीती वाटते म्हणून नाही. म्हणजे वाटते, पण म्हणून नाही. मला माझ्या स्वतःच्या बंदोबस्ताची भीती वाटते.

२०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लॉकडाऊन होता, हाताशी वेळच वेळ, आणि मी अशी तयारी केली होती की विचारू नका. खुराडं आधीच विटांवर उचललेलं होतं, ते नायलॉनच्या दोरीने खिडकीच्या ग्रिलला बांधलं, पत्र्यावर विटा, दोन दिवसांची कणी झाकणाच्या डब्यात, पाण्याचा कॅन भरून, ताडपत्री, सगळं. ३ जूनला वादळ खाली श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला लागलं, रायगडातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि आमच्याकडे फांद्या पडल्या, पाऊस पडला, संपलं. आणि मी काय केलं, तर दोरीच्या गाठीचा फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं की तयारी असली की काही होत नाही. त्या बाईला आता सांगावंसं वाटतं, अगं शहाणे, तुझ्या तयारीमुळे नाही, वादळ दुसरीकडे गेलं म्हणून. पण तिने ऐकलं नसतं, तिला तेव्हा सगळं येत होतं.

मग पुढच्या वर्षी तौक्ते. म्यानमारने दिलेलं नाव, पालीच्या जातीतल्या एका प्राण्याचं म्हणे. १७ मे २०२१, सोमवार. हे तर समुद्रातूनच वर गुजरातकडे चाललं होतं, मोबाइलवर नकाशा बघितला की गोल गोल फिरणारं ते लांब पाण्यात दिसायचं, त्यामुळे सगळे म्हणत होते बाजूने जाणार. मी तरी रविवारी संध्याकाळीच सगळं करून ठेवलं. आमच्याकडे पाऊस पाम बीचकडून, म्हणजे खाडीच्या बाजूने येतो, दरवर्षी तसाच येतो, म्हणून त्या बाजूला ताडपत्री बांधली आणि उलटी बाजू, जाळीची, हवेसाठी उघडी ठेवली. हे बरोबरच होतं, आजही म्हणेन.

फक्त वादळाचा वारा पावसाळ्याच्या वाऱ्यासारखा एका बाजूने येत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते खाली नैर्ऋत्येला समुद्रात असतं तेव्हा आपल्याला वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून लागतो, ते वर सरकत जातं तसा तो दक्षिणेला फिरतो आणि मग कुठे खाडीच्या बाजूने येतो. म्हणजे सकाळी पाऊस आला तो सीवूड्स स्टेशनच्या, पूर्वेच्या बाजूने, सरळ उघड्या जाळीत. मी दार उघडून बघते तर अकरातल्या दहा कोंबड्या पलीकडच्या कोपऱ्यात चिकटून उभ्या आणि त्या कोपऱ्यात चंपी खुडूक बसलेली, खाली नऊ अंडी, सतरावा दिवस. एकवीस दिवसांना पिल्लं निघतात, म्हणजे चारच दिवस राहिलेले. अंडी गार पडली तर संपलं, एवढंच डोक्यात.

मग मी दुसरी ताडपत्री आणली आणि जाळीच्या बाजूवर पण टाकली. वाऱ्याने ती इतकी फडफडायला लागली की आतल्या कोंबड्या बिथरून उडायला लागल्या, म्हणून मी खाली विटा ठेवल्या, तरी फडफडतेच, म्हणून दोरी आवळली, अजून आवळली, वरची कड पत्र्याखाली खोचली. फडफड थांबली. साधारण अकरा वाजले असतील. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा, हे पण लिहून ठेवते.

त्यानंतर लाईट गेली, किचनमध्ये पाणी आलं, माळ्यावरचा पत्रा एका बाजूने सुटला तो नवरा आणि मी धरून बसलो. कुलाब्याला त्या दिवशी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस, ते नंतर वाचलं. पण मी विसरले नव्हते. कोणी म्हणू नका विसरली. मी दोनदा जाऊन आले. डोक्यावर प्लास्टिक घेऊन वाकून ताडपत्रीला कान लावला. आत चिडीचूप. आता कोंबडीला अंधार झाला की ती गप्प होते, हे आम्हाला सगळ्यांनाच माहितीय, म्हणून तर रात्री पकडायला सोपी जाते, मी स्वतः कित्येक वेळा तशाच पकडल्यात. तर मला वाटलं शांत झाल्या. नवऱ्याला येऊन सांगितलं पण, झोपल्या बघ.

चारला वारा फिरला, जरा उसंत मिळाली तेव्हा दोरी सोडली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ तोंडावर आली आणि विष्ठेचा असा उग्र वास की डोळ्यांतून पाणी. कोपऱ्यात ढीग होता. वरच्या पाच जिवंत, चोची उघड्या, माना ताणलेल्या, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. खालच्या सहा गेलेल्या. सगळ्यात खाली चंपी, अंड्यांवर, पंख पसरून.

आणि सगळ्या कोरड्या. एकीचं पीस ओलं नव्हतं. मला तेच सांगायला अजून जमत नाही, की मी त्यांना इतकं कोरडं ठेवलं होतं.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग आधीच एक्केचाळीस डिग्रीच्या आसपास असतं आणि थंड व्हायचं तर तोंड उघडून धापा टाकायच्या, तोच मुख्य मार्ग. त्याला हवा खेळती लागते, कोरडी लागते. चार बाय तीन फुटांच्या खुराड्यात अकरा जणी, मे महिना, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक, त्यात पाच तास. हे मला नंतर कळलं असं मी बरीच वर्षं सांगायचे. खोटं आहे. मला माहिती होतं. त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात भाचीला मीच सांगितलं होतं की गोणपाट लाव पण वर चार बोटं फट ठेव. दुसऱ्याला सांगताना सगळं आठवतं.

शेजारच्या काकींनी काय केलं होतं, तर काही नाही. आळस. ओट्यावर डालग्याखाली कोंबड्या झाकल्या, वर भिजकं गोणपाट टाकलं, आणि आत जाऊन झोपल्या. त्यांच्या सगळ्या भिजल्या, थरथरत होत्या, आणि सगळ्या जगल्या. काकी आल्या, बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. चंपीची अंडी अजून गरम होती, ती त्यांनी पदरात घालून नेली आणि त्यांच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. तीन निघाली. मी परत मागितली नाहीत, त्यांनी दिली पण नाहीत.

आता यावर लगेच येणारे प्रश्न. कोंबड्याच त्या, शेवटी कापून खाणारच होतात ना? हो. गटारीला त्यातल्या दोन मी स्वतः कापायला दिल्या असत्या आणि रस्सा पण मीच केला असता. ते वेगळं. कसं वेगळं ते मला नीट सांगता येत नाही, पण वेगळं आहे, आणि ज्याने कोंबडी पाळलीय त्याला सांगावं लागत नाही. दुसरं, त्याच वादळात समुद्रात बार्ज बुडाला, किती माणसं गेली, आणि तू सहा कोंबड्यांचं काय घेऊन बसलीस. हे नवऱ्याने त्याच आठवड्यात विचारलं होतं. मी गप्प बसले. अजून पण त्यावर माझ्याकडे काही नाही. पण तो बार्ज मी नाही बांधला आणि ती दोरी मी आवळली होती.

आणि तिसरा, शहाण्यांचा: मग उघडं ठेवायचं होतंस. बरं. मागच्या गल्लीत एकाने उघडं ठेवलं होतं, त्याच्या खुराड्याचं छप्परच गेलं आणि कोंबड्या नाल्यात सापडल्या. चार बोटं फट ठेवली असती तर? तर कदाचित जगल्या असत्या, कदाचित त्याच फटीतून वारा शिरून अख्खी ताडपत्री फाटली असती. मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय, रात्री, एकटीने, आणि दर वेळी जी बाजू मी घेते ती हरते.

तर म्हणून बाथरूम. आदल्या संध्याकाळी अंधार पडला की एकेक उचलायची, वाशीच्या मार्केटमधून आणलेले भाजीचे प्लास्टिक क्रेट आहेत, भोकाभोकाचे, एकात तीनच, जास्त नाही, कारण ढीग करायला जागाच द्यायची नाही. बाथरूममध्ये नेलं की मोकळ्या सोडायच्या, फरशीवर पेपर आणि तूस, उथळ थाळीत पाणी, थोडं गूळ घातलेलं. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या उघड्या. आंघोळी आम्ही काकींकडे करतो, त्या पण काही बोलत नाहीत. वादळ गेलं तरी खुराड्यात लगेच सोडत नाही, ओलं तूस सगळं काढून टाकते, चुना मारते, उन्हात दोन दिवस सुकवते, कारण ओल राहिली की रक्ती हगवण लागते, आणि भिजलेली कणी कितीही जिवावर आलं तरी फेकून देते, बुरशी धरते. हे सगळं बरोबर आहे का? माहीत नाही. बाथरूम पण चार भिंतीच की. लाईट गेली की एक्झॉस्ट बंद. म्हणून मी रात्रीतून तीनदा उठते आणि टॉर्च मारून चोची बघते, उघड्या आहेत की मिटलेल्या. कान लावत नाही आता.

मागच्या पावसाळ्यात असाच अलर्ट होता, आणि नवऱ्याने रात्री, पाऊस आत येतोय म्हणून, खिडकीच्या पट्ट्या बंद केल्या, त्याच्या परीने चांगलंच केलं. मी दोनला उठले तर बंद. काही बोलले नाही, सगळ्या उघडल्या, दार पण उघडं टाकलं. वादळ काही आलंच नाही, पण पाऊस रात्रभर आडवा येत होता. सकाळी बाथरूममध्ये घोटाभर पाणी, तूस तरंगतंय, पेपरचा लगदा, आणि नऊच्या नऊ जणी कमोडवर, बादलीवर, नळावर चढून बसलेल्या, चिंब भिजलेल्या, माझ्याकडे बघून कुरकुर करत होत्या.