पहिले ४६ इव्हेंट बरोबर, मग मुंग्या

इव्हेंट कॅमेऱ्यातून निघालेली माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून दुसऱ्या मशीनवर उघडायची, हा माझा खटाटोप. मागच्या वेळी ‘कुलूप लागतंय, पण उघडत नाही’ इथे थांबलो होतो. काल रात्री दीड वाजता उघडलं. त्यापायी तीन आठवडे गेले आणि एक धडधाकट रिबन केबल उगाच बदलली गेली.

जुळणी तीच: जेनएक्स३२० हा इव्हेंट कॅमेऱ्याचा सेन्सर, रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर, पलीकडे माझा जुना इंटेलवाला लॅपटॉप. हा सेन्सर अख्खं चित्र पाठवत नाही; ज्या पिक्सेलवर उजेड बदलला त्याचा पत्ता आणि वेळ तेवढी पाठवतो, तो एक इव्हेंट. लॉजिस्टिक मॅपमधून (एकच सूत्र पुन्हा पुन्हा लावलं की बेभरवशाचे दिसणारे आकडे देणारं समीकरण) निघालेला आकडा प्रत्येक इव्हेंटच्या पत्त्यात मिळवायचा, ३२० ने भागून बाकी ठेवायची, आणि लॅपटॉपवर तोच आकडा वजा करायचा. पायवर लावून पायवरच उघडलं तर चित्र स्वच्छ. लॅपटॉपवर दोन्ही केलं तरी स्वच्छ. पायवर लावून लॅपटॉपवर उघडलं की जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा नुसत्या मुंग्या.

आधी संशय केबलवर. मग पॅकेट गळतीवर. मग बाइटच्या क्रमावर, जो दोन्हीकडे सारखाच आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी त्यात एक अख्खा रविवार घालवला.

सुटका झाली ती कंटाळ्यामुळे. सुरुवातीची २०० आवर्तनं फेकून द्यायची असा केओसवाल्यांचा रिवाज आहे, मीही देत होतो. परवा वैतागून ती ओळच उडवली, आणि पहिले ४६ इव्हेंट अगदी जागेवर! सत्तेचाळिसावा एका पिक्सेलने सरकलेला, पुढचा दोनने, पंचावन्नाव्यापर्यंत सगळं उधळलेलं. तार सुटली, गणित अडकलं.

मी समीकरण ‘र गुणिले (क्ष वजा क्ष-वर्ग)’ असं लिहिलं होतं. पायच्या ६४-बिट आर्मवर जीसीसी कंपायलर हा गुणाकार आणि वजाबाकी एकाच सूचनेत उरकतो, राउंडिंग एकदाच. लॅपटॉपवर साध्या एक्स८६-६४ साठी कंपाइल केलं की तेच दोन पायऱ्यांत, राउंडिंग दोनदा. फरक शेवटच्या बिटाचा. पण हा मॅप दर आवर्तनाला चूक जवळजवळ दुप्पट करतो. डबलमध्ये (माझे आकडे ज्या साच्यात साठतात त्यात) नेमकेपणाचे ५३ बिट, आणि ३२० पैकी एक पिक्सेल हलायला वरचे आठेक बिट बिघडावे लागतात. ५३ वजा ८, ४५. हिशोब इतका चपखल बसला की मध्यरात्री उठून चहा टाकला.

दोन्हीकडे एफपी-कॉन्ट्रॅक्ट (अशा दोन पायऱ्या एकत्र करायची कंपायलरची मुभा) ऑफ केलं, आणि छताचा पंखा दिसला. तिन्ही पाती, कडांसकट. पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

तरीही लॉजिस्टिक मॅपला आता रामराम. कंपायलरच्या मर्जीवर जिची धार ठरते ती किल्ली काय कामाची? चाचा२० हे प्रचलित एन्क्रिप्शन घेतोय: बेरीज, एक्सऑर, बिट फिरवणं, सगळं पूर्णांकांत. शिवाय पॅकेटचा क्रमांक नॉन्समध्ये (किल्लीसोबत दर वेळी बदलून द्यायच्या आकड्यात) घातला की एखादं पॅकेट हरवलं तरी पुढची उघडतात. आत्ता एक हरवलं की सगळी माळ तुटते. पत्ते तेवढे बदलायचे, टाइमस्टॅम्प तसेच ठेवायचे, म्हणजे ओपनईबीची (इव्हेंट कॅमेऱ्यांसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरची) साधनं चालत राहतील, असा बेत होता.

होता, कारण हे लिहिता लिहिता कुलूपबंद फाइलमधले इव्हेंट दर मिलिसेकंदाला किती, एवढंच मोजून पाहिलं. दर १० मिलिसेकंदांनी एक उंचवटा! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तो पत्ते लपवूनही ओळखू आला. आणि मध्येच एक मोठी लाट, म्हणजे मी चहाला उठलो तेव्हाची. पिक्सेल एकही न उघडता घरात कोण कधी हललं ते कळतंय.

‘इव्हेंट कॅमेऱ्यात चेहरा कळत नाही’ हे ऐकून हसू येतं ते याचमुळे. २०१९ च्या ई२व्हीआयडी या एआय मॉडेलने नुसत्या इव्हेंटवरून राखाडी व्हिडिओ उभा करून दाखवला, आणि ते मॉडेल कुणीही उतरवून घेऊ शकतं.

तर नवा बेत: टाइमस्टॅम्प आणि पोलॅरिटीसकट (उजेड वाढला की घटला ती खूण) अख्खं पॅकेट बंद करायचं, दर ५ मिलिसेकंदांना एकाच मापाचं पाठवायचं, उरलेली जागा खोट्या इव्हेंटनी भरायची. ओपनईबीचा व्ह्यूअर रुसेल, रुसू दे. गर्दी झाली की पॅकेटमध्ये न मावणारे इव्हेंट टाकायचे की मागे ठेवायचे, हे ठरत नाहीये. पंखा पाचवर असताना किती मावतात ते उद्या मोजतो.

सेन्सरपासून पायपर्यंतची ती रिबन केबल अजून उघडीच आहे, हे मान्य. तिथलं कुलूप चिपच्या आत, पिक्सेलच्या शेजारीच लागायला हवं, आणि ते माझ्या टेबलावर होणारं काम नाही.