शुल्क उतरलं, मॅग्नेट अडकलेलेच

12 मे 2025, सोमवार. दुपारी डबा उघडत होतो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "सर, मिटलं! जिनिव्हात तडजोड झाली." चिनी मालावरचं अमेरिकेचं शुल्क 145 टक्क्यांवरून 30 वर, अमेरिकी मालावरचं चीनचं 125 वरून 10 वर, नव्वद दिवसांसाठी. डबा तसाच ठेवून मी चीनमधल्या निंगबोच्या व्हेंडरला फोन लावला.

चाकणला एका मोटर कारखान्यात मी परचेस बघतो. आमच्या मोटरी इलेक्ट्रिक स्कूटरला लागतात. रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, बसणारा मॅग्नेट बोटाच्या पेराएवढा, निकेलच्या मुलाम्याने चकचकीत. दोन एकमेकांना चिकटले की ओढून सुटत नाहीत, सरकवूनच काढावे लागतात. मध्ये कातडी सापडली तर रक्तच निघतं. त्यात निओडिमियम असतं आणि चिमूटभर डिस्प्रोसियम, दोन्ही 'रेअर अर्थ' गटातले धातू. भर उन्हात घाट चढताना मोटर तापली तरी मॅग्नेटची ताकद टिकते, ती त्या चिमटीमुळे. असे दहातले नऊ मॅग्नेट चीनमध्ये बनतात.

2 एप्रिलला ट्रम्प यांनी चिनी मालावर 34 टक्के जादा शुल्क जाहीर केलं. 4 तारखेला चीनने तेवढंच उलट लावलं, आणि त्याच दिवशी डिस्प्रोसियम, टर्बियम धरून सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. सगळ्या देशांसाठी. तेव्हापासून आमचा माल निंगबोच्या गोदामात पडून होता.

फोनवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ते शुल्काचं झालं. तुमचं लायसन्स आलेलं नाही."

त्यांचं बरोबर होतं. शुल्क वाढलं तर भाव चढवून माल उचलता येतो, परवान्याला भावच नसतो. हेच मॅग्नेट क्षेपणास्त्रात आणि लढाऊ विमानात जातात, म्हणून परवान्याचा कागद बीजिंगला जातो. अमेरिकेनेही ऑक्टोबर 2022 मध्ये चीनला प्रगत चिप देण्यावर बंधनं घातली, ती सुरक्षेच्याच नावाने. दोघांची नजर एकमेकांच्या शस्त्रांवर, आणि मधे माझी स्कूटरची मोटर. मला त्या दुपारी मनापासून राग आला.

टेबलावर आमचं अंतिम वापराचं प्रमाणपत्र होतं: हे मॅग्नेट कोणत्याही शस्त्रासाठी वापरणार नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही. त्यावर सही, मग दिल्लीत साक्षांकन, चिनी दूतावासाचा शिक्का, तिथून निंगबो, निंगबोहून बीजिंग. तिथे नियमाने 45 कामाचे दिवस.

स्टोअर्समध्ये उतरलो. रॅकवर लाकडी फळ्या घालून वेगळे ठेवलेले खोके मोजले. नऊ दिवसांचा माल. मोठ्या साहेबांशी बोललो, आणि दुसरी शिफ्ट पुढच्या आठवड्यापासून बंद ठेवायचं ठरलं. म्हणजे कंत्राटी पोरं घरी. लातूर-नांदेडकडची पोरं, एका खोलीत चौघं-पाचजण राहून भाडं भागवणारी. कायम कामगारांना हात लागणार नव्हता, यांच्याकडे मात्र नेमणुकीचा धड कागदही नव्हता. हे मी साहेबांना स्पष्ट बोललो. निदान निम्मा पगार द्या म्हणालो. बघतो, म्हणाले.

संध्याकाळी लाइनवर सांगायला मीच गेलो. रोटरवर मॅग्नेट बसवणाऱ्या एका पोराने हात थांबवून विचारलं, "सर, चीन-अमेरिकेचं मिटलं म्हणून मोबाइलवर आलंय ना?"

"शुल्काचं मिटलंय," मी म्हणालो. "याचं नाही."

त्याने हातातला मॅग्नेट एकदा उलटसुलट करून बघितला आणि जपून खाचेत बसवला.