घड्याळात ४२.६ आले म्हणून मार्ग लांब नसतो

मोठ्या शहराची ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन संपली की फिनिशपलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: "मार्ग लांब होता, माझ्या घड्याळात ४२.६ आले." घड्याळात आले हे खरं, पण मार्ग लांब नव्हता. हा फरक कुठून येतो ते आधीच समजून घेतलं नाही, तर चार तासांचं लक्ष्य दोन-अडीच मिनिटांनी हुकतं आणि दोष उगाच तयारीला दिला जातो.

मार्ग मोजतात सायकलने. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावलेला असतो. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ अंतरावर सायकल पुन्हा पुन्हा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवतात. मार्ग मोजून झाला की तीच तपासणी परत होते, कारण तापमान बदललं की टायरमधली हवा बदलते आणि आकडेही बदलतात. सायकल धरते ती धावता येईल अशी सगळ्यात जवळची वाट: वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर, आणि एका वळणाकडून उलट दिशेच्या पुढच्या वळणाकडे थेट तिरकी. अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे पूर्ण मार्गावर सुमारे ४२ मीटर. लंडन, बर्लिन, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर जी निळी रेघ दिसते, ती याच वाटेची खूण.

त्या रेघेवरून सतत धावणं गर्दीत कुणालाच जमत नाही. काटकोनातलं एक वळण रेघेपेक्षा ८ मीटर बाहेरून घेतलं की साधारण साडेबारा मीटर वाढतात. पाण्याच्या टेबलाकडे जाणं, परत मध्ये येणं, पुढच्याला ओलांडणं, ओळखीच्या माणसाला टाळी द्यायला कडेला सरकणं, हे सगळं त्यात मिळवा. तीनचारशे मीटर सहज जमतात.

आता हिशेब. चार तासांसाठी ४२.१९५ किलोमीटरला पेस, म्हणजे एका किलोमीटरचा वेळ, लागतो ५:४१. घड्याळाकडे बघत तो काटेकोर राखला आणि घड्याळाच्या मते ४२.६ किलोमीटर धावलात, तर वेळ येते ४:०२:१८. एकही किलोमीटर हळू न धावता! म्हणूनच घड्याळावरचा पेस ५:३८ ठेवून निघायचं. ही घाई नव्हे, जास्तीच्या अंतराची भरपाई आहे.

वर जीपीएसची स्वतःची चूक असतेच. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता घेतो आणि घड्याळ तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतं. शिकागोत सुरुवातीलाच रस्ता वरच्या रस्त्यांखालून जातो. लंडनमध्ये कॅनरी वॉर्फचे टॉवर आहेत, न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सबरो पुलाचा खालचा मजला आहे. अशा ठिकाणी स्क्रीनवर ४:५० दिसतो, लगेच ६:३० दिसतो, आणि पाय बिचारे त्या आकड्यामागे वेग बदलत राहतात. मल्टी-बँड सेटिंग (उपग्रहाचा सिग्नल एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवर घेणारं) असेल तर चालू करा. फरक पडतो, पण चूक पूर्ण जात नाही.

खरा उपाय जुना आहे: ऑटो लॅप (घड्याळाने आपणहून किलोमीटर तोडणं) बंद, हाताने लॅप. किलोमीटरचा बोर्ड ओलांडला की बटण दाबायचं. बोर्डांमधलं अंतर मोजलेलं असतं, म्हणून इथे लक्ष्य ५:४१च. स्क्रीनवर तीनच गोष्टी ठेवा: एकूण वेळ, चालू लॅपचा वेळ, मागच्या लॅपचा वेळ. त्या क्षणाचा पेस दाखवणारा रकाना काढूनच टाका, मोहच नको. एखादा बोर्ड चुकला तर मध्येच बटण दाबू नका. पुढच्या बोर्डावर दाबा आणि आलेल्या वेळेला दोनने भागा. एखादा बोर्ड थोडा मागेपुढे उभा केलेला असू शकतो, त्यामुळे एका विचित्र लॅपवरून वेग बदलू नका. दर ५ किलोमीटरच्या टायमिंग मॅटवर (ओलांडताना तुमची वेळ नोंदवणारी रस्त्यावरची पट्टी) विश्वास ठेवा. अमेरिकेतल्या मॅरेथॉनमध्ये बोर्ड मुख्यतः मैलांचे असतात, तिथे चार तासांसाठी एका मैलाला ९:०९.

मनगटावर कागदी पट्टी बांधून त्यावर एवढंच लिहा: १० किलोमीटर ०:५६:५३, अर्धं अंतर २:००:००, ३० किलोमीटर २:५०:३८, ४० किलोमीटर ३:४७:३१. वर सेलोटेप चिकटवा, नाहीतर पाण्याच्या पहिल्याच टेबलाशी शाई पसरते. बॉस्टन किंवा न्यूयॉर्कसारख्या चढउतारांच्या मार्गावर मात्र प्रत्येक किलोमीटर सारख्या वेळेत धावायचा हट्ट धरू नका. तिथे दम सारखा ठेवायचा, वेळ मागेपुढे होऊ द्यायची.

सुरुवातीच्या गर्दीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. कोरलमध्ये, म्हणजे सुरुवातीआधी थांबायच्या कप्प्यात, उभं राहून वीसेक मिनिटं झाली की बरीच घड्याळं बॅटरी वाचवायला जीपीएस सोडून देतात. रांग हलायला लागली की एकदा तपासा, आणि सुरुवातीची मॅट ओलांडतानाच स्टार्ट दाबा. पहिल्या दोन किलोमीटरात ४० सेकंद गेले तर जाऊ द्या. ते तिसऱ्याच किलोमीटरात वसूल करायला गेलात की नागमोडी धावणं आलं, म्हणजे पुन्हा जास्तीचं अंतर आणि प्रत्येक ओलांडण्याला एक छोटा स्प्रिंट. किलोमीटरमागे चार सेकंद धरा, दहा किलोमीटरात हिशेब जुळतो. पेसरच्या (ठरलेल्या वेळेत धावून इतरांना सोबत नेणाऱ्याच्या) मागे लागण्याआधी त्याने रेषा कधी ओलांडली हे माहीत हवं. तो तुमच्या दोन मिनिटं आधी निघाला असेल, तर दोन मिनिटं मागे राहूनही चिप टाइमप्रमाणे (तुम्ही स्वतः सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासूनची वेळ) तुम्ही वेळेत आहात. त्याला गाठायची गरजच नाही.

पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी रांगेतलं पहिलं टेबल सोडा. सगळे तिथेच आडवे घुसतात. त्याच रांगेतल्या शेवटच्या टेबलाकडे आधीपासूनच हळूहळू तिरकं सरका. ऊर्जेचं जेल बोर्ड बघून घेऊ नका, घड्याळातली वेळ बघून घ्या, म्हणजे अंतराच्या गोंधळाशी त्याचा संबंध उरत नाही.

आणि ४० किलोमीटरची मॅट लागेल तेव्हा घड्याळात ४०.४ दिसत असेल. तो आकडा धरून "आता १.८ उरले" असं मनाला सांगू नका, पाय आधीच थांबायला बघतात. उरलेत २.१९५, आणि पट्टीप्रमाणे हातात आहेत १२ मिनिटं २९ सेकंद.